एकाच रस्त्याची दोन टोकं

[दृश्य: तळोद्याबाहेरचा रस्ता, नंदुरबार जिल्हा. पहाटेचा काळोख. उभ्या पिकअप गाड्या, शेकोटी.]

दिवाळी होऊन आठवडा झालाय. पहाटे पाचलाच गाड्या भरायला लागल्यात. मागच्या हौद्यात जर्मलची भांडी, ज्वारीचं पोतं, गोधड्यांची गाठोडी आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. सगळ्यांत शेवटी माणसं चढतात, कारण आधी सामान बसवावं लागतं. एका आईनं कडेवरचं पोर वर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात दिलं, मग चाकावर पाय देऊन ती चढली.

हा एक 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. ती फेडायला आता गुजरातमध्ये, बारडोलीकडे ऊसतोडीला जायचं. परत यायचं ते होळीला.

ज्या रस्त्यावर या गाड्या उभ्या आहेत, तो अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावं घेत तो सातपुड्याच्या पायथ्यानं खान्देशच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. डावीकडे डोंगर, उजवीकडे तापीचं खोरं. आपण पूर्वेला निघू.

[दृश्य: रावेर तालुका. केळीची बाग, कापणी चालू.]

शे-दोनशे किलोमीटर गेलो आणि मुलूखच बदलला. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो. बांधावर फण्या सुट्या होतात, तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, फोम लावून खोक्यात बसतात. काही माल आखातात जाईल, बाकीचा ट्रकनं आणि सावद्याहून रेल्वेनं दिल्लीकडे.

ही बरकत आभाळातून पडलेली नाही. पूर्वी इथे बसराई, श्रीमंती या जातींचे कंद लावत आणि घडासाठी दीड-दीड वर्ष वाट पाहत. पाणी पाटानं सोडत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जळगावात ठिबकच्या नळ्या बनू लागल्या. मागोमाग टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, ग्रँड नैन जातीची रोपं आली. वर्षभरात घड हाती येऊ लागला, तोही पाटापेक्षा कमी पाण्यात. पावसाळ्याच्या तोंडावर लावायची मृगबाग, पावसाळा सरताना लावायची कांदेबाग असं चक्र बसलं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पैसा दिसतोय: स्लॅबची घरं, दारात ट्रॅक्टर, पोरं शिकायला पुण्याला. जळगावच्या सराफ बाजारात लग्नसराईला पाय ठेवायला जागा नसते.

यातली काही श्रीमंती उधारीची आहे, हेही इथंच सांगायला हवं. यावल-रावेरच्या विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेल्या. जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी आपण उपसतो. ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी एक बाग उभी राहते, आणि पातळी पुन्हा खाली जाते.

[दृश्य: नंदुरबार. मिरचीच्या पथाऱ्या, वरून.]

पुन्हा पश्चिमेला. नंदुरबारच्या वेशीवर हिवाळ्यात जमीन लाल होते. मैलभर पथाऱ्या, त्यावर वाळत टाकलेली मिरची. बायका नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडतात. दहा मिनिटं उभे राहिलो तर आमचा कॅमेरावाला ठसक्यानं बेजार झाला. त्या दिवसभर बसतात.

देशभर गाजलेली एक गोष्ट याच जिल्ह्यातली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड टेंभली गावातल्या एका बाईला मिळालं. पंतप्रधान स्वतः आले होते. पुढे २०२१ साली, २०१५-१६च्या पाहणीवरून नीती आयोगानं गरिबी मोजली. घरात पैसे किती, हे त्यात विचारलंच नव्हतं. पोषण, बाळंतपण, शाळा, सरपण, पाणी, वीज, घर, बँक खातं अशा १२ गोष्टी पाहिल्या होत्या. नंदुरबारमधले निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले. राज्यात सगळ्यांत जास्त. पुढच्या पाहणीत आकडा खाली आला, आणि ते मोलाचं आहे. गॅस, खातं, शौचालय ही कामं झाली. पण आजही नोव्हेंबरमध्ये गाव रिकामं होतं, ते कोणत्या रकान्यात बसवायचं?

[दृश्य: चांदसैली घाट, तळोदा-धडगाव रस्ता. वळणं, कोसळलेल्या दरडीच्या खुणा.]

गाव का रिकामं होतं? कोणी म्हणेल, पाऊसच कमी असेल. उलट आहे. नंदुरबारच्याच धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरात रावेरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पण उतारावर तो थांबत नाही. एका अंगानं नर्मदेत जातो, दुसऱ्या अंगानं तापीत. नर्मदेवर सरदार सरोवर झालं, तेव्हा महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली आली, तीही याच दोन तालुक्यांतली.

रस्त्याचंही तसंच. इथे एक शब्द रूढ आहे, 'बांबूलन्स'. बांबूला झोळी बांधायची, त्यात आजारी माणूस, आणि खांदे बदलत दवाखाना गाठायचा. २०२१च्या पावसाळ्यात या चांदसैली घाटात दरड कोसळली, वाट बंद झाली. एका नवऱ्यानं आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि चालत निघाला. ती वाटेतच गेली. आम्ही त्या वळणावर थांबलो, कॅमेरा बंद ठेवला.

उन्हाळ्यात इथे घरोघरी कैऱ्या सोलतात, काप करून दगडांवर वाळवतात. हेच धडगावचं आमचूर. व्यापारी किलोवर नेतो, भाव तोच सांगतो.

[दृश्य: बारीपाडा, साक्री तालुका. दाट झाडी, बंधाऱ्यातलं पाणी.]

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पश्चिमेला बारीपाडा आहे. तीसेक वर्षांपूर्वी इथलंही जंगल तुटलं होतं, बाया पाण्यासाठी लांब जात, माणसं कामाला बाहेर जात. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी बसून नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड. ओढ्यांवर बंधारे घातले. ४०० हेक्टरांहून अधिक जंगल त्यांनी राखलं. झरे जिवंत झाले, भातशेती सुधारली, आणि कामासाठी गाव सोडणं थांबलं. शेजारच्या गावांना पाणी द्यायची वेळ आली. २००४पासून इथे दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली.

बारीपाड्यात कारखाना आला नाही. डोंगरावरचं पाणी डोंगरावर थांबलं, आणि त्यामागे माणसं थांबली. धडगावचा उतार याहून अवघड आहे, वस्त्या विखुरलेल्या आहेत, हे मान्य. म्हणून तर तिथे सरकारचा पैसा आणि घाटाचा बारमाही रस्ता आधी पोचायला हवा.

[दृश्य: काठी, होळीची रात्र. ढोल, बांबू, मोरपिसांचे टोप.]

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला सगळा सातपुडा उतरतो. कंबरेला घुंगरं बांधलेले बावे, म्हणजे होळीचं व्रत धरलेले नाचे, रात्रभर नाचतात. गुजरातहून परतलेल्यांनी पोरांना नवे कपडे आणलेत. उचल फिटली की नाही, हे मुकादमाच्या वहीत.

[दृश्य: पाड्यावरची शाळा, सकाळ.]

होळीनंतर गुरुजी हजेरी घेतात. काही नावांपुढे दिवाळीपासून गैरहजेरीची सलग ओळ आहे. आज ते नाव पुकारल्यावर मागून बारीक आवाज येतो. पोरगं उभं राहतं. चौथीचं पुस्तक आता शेवटच्या धड्यांवर आलंय. त्याच्या पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.