माउस वाचकाच्या हातात राहू द्या

हात वर करा बरं, कोणाकोणाच्या वाचनालयात कॉम्प्युटर आहे? वा, निम्म्याच्या वर दिसतात. आता ज्यांच्या कॉम्प्युटरवर गेल्या आठवड्यात एखादा वाचक बसला होता, ग्रंथपाल नाही, वाचक, त्यांनीच हात वर ठेवा. पाहा, किती पटकन खाली आले. हसू नका, यात तुमचा दोष आहे असं मी म्हणून नाही राह्यलो. माझं म्हणणं एवढंच की मशीन देणारे लय भेटले आपल्याला, पण मशीनपुढं बसलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे शिकवणारं कोणी आलं नाही, आणि आज मला त्याच्यावरच बोलायचं आहे.

कॉम्प्युटर येतो कसा ते तुम्हाला माहीत आहे. कोणाला कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून, कोणाला आमदार निधीतून, कोणाला गावच्या शहरात गेलेल्या पोराकडून. आला की डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते, सीपीयूवर पांढऱ्या पेंटनं नंबर टाकतात, वर प्लास्टिकचं कव्हर चढतं, आणि मग तो कपाटातल्या पैठणीसारखा तपासणीच्या दिवशीच बाहेर निघतो. पासवर्ड सचिवांच्या मुलाला माहीत असतो आणि मुलगा असतो पुण्याला. इथं सचिव मंडळी बसली आहेत, रागावू नका, पण असंच आहे का नाही?

आणि हे काही आपल्याच नशिबी आलं असं नाही. अमेरिकेत 1997 पासून बिल गेट्सच्या फाउंडेशननं सार्वजनिक ग्रंथालयांना कॉम्प्युटर आणि इंटरनेट द्यायला सुरुवात केली, खेड्यापाड्यातल्या एक-दोन माणसांच्या लायब्रऱ्यांनासुद्धा. मशीन बसवणं हा सोपा भाग निघाला. ती चालू ठेवायची कोणी, येणाऱ्याला मदत करायची कोणी, हा खरा प्रश्न होता, म्हणून 2003 मध्ये वेबजंक्शन नावाची व्यवस्था फक्त ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उभी राहिली. तिकडचं तिकडं, पण पैसा असणाऱ्यांनाही हा भाग वेगळा करावा लागला, हे आपल्या वरच्या लोकांना सांगायला कामी पडते.

आता आपलं प्रशिक्षण पाहा. तुमच्यापैकी बहुतेकांनी जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग केला असेल. चांगला वर्ग आहे तो, दशांश वर्गीकरण, तालिका, दाखल नोंदवही, सगळं पक्कं करून घेतात. वरून एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आहेच प्रत्येकाकडं. पण काउंटरवर येऊन कोणी विचारत नाही की मॅडम, इनपुट डिव्हाइस आणि आउटपुट डिव्हाइसमधला फरक सांगा. काय विचारतात? फोटो 50 केबीच्या आत बसून नाही राह्यला. सातबारा डाउनलोड झाला पण गेला कुठं. बँकेचा मेसेज आला, लिंक दाबू का नको. पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, महाडीबीटीचा पासवर्ड मागच्या वर्षी कोणी टाकला ते आठवत नाही. पोलीस भरतीवाला पोरगा सही स्कॅन करून आणतो आणि सही आडवी झालेली असते. हा आपला खरा अभ्यासक्रम आहे बाप्पा, आणि तो कोणत्याच पुस्तकात छापलेला नाही.

म्हणून मी जिथं जातो तिथं पहिली गोष्ट मागतो ती वही. शंभर पानी, साधी. काउंटरला दोरीनं बांधून ठेवा. कोणी कॉम्प्युटर-मोबाईलचं काही विचारलं की एक ओळ लिहायची, तारीख, काय विचारलं, सुटलं का नाही सुटलं. नाव लिहायचं नाही, आधार नंबर तर अजिबातच नाही. दोन महिन्यांत तुम्हाला दिसते की तुमच्या गावाला काय पाहिजे. एका गावात निम्मे प्रश्न पेन्शन आणि पीएम किसानचे निघतात, दुसऱ्या गावात अभ्यासिकेतल्या पोरांचे फॉर्म. मग प्रशिक्षण त्या वहीवरून ठरवायचं. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रोजेक्टर लावून एक्सेल शिकवण्यात काय अर्थ आहे जर तुमच्या वहीत एक्सेलचा एकही प्रश्न नसेल?

आता एक प्रसंग सांगतो, यवतमाळ जिल्ह्यातला, क वर्गाचं वाचनालय, म्हणजे सरकारच्या अ ते ड प्रतवारीत खालून दुसरं. एक काका आले, वय सत्तरच्या आसपास, कापूसवाले, हातात मोबाईल असा धरलेला जसा काही तो चावल. म्हणाले, "मॅडम, केवायसी केवायसी म्हणून राह्यले सारे, पीएम किसानचा हप्ता आला नाही माहा, पाहा न काय झालं तं." तिथल्या ग्रंथपाल ताई हुशार. त्यांनी मोबाईल हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "काका, आधारला नंबर कोणता जोडला हाय, हाच का दुसरा?" काका म्हणाले, "पोराचा असन, त्यानंच काढून आणलं होतं." पोरगा चाकणला कंपनीत. झालं, इथंच निम्मं काम संपलं, कारण ओटीपीवाली केवायसी करायची तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जाणार, काकांच्या मोबाईलवर दिवसभर वाट पाहिली तरी येणार नाही. ताईंनी सांगितलं, आधी पोराले फोन लावा, त्याले सांगा हातात मोबाईल घेऊन बस, तो हो म्हणाला की मगच इकडं बटण दाबू, कारण ओटीपी थोड्याच मिनिटांत बाद होते. पोरगा शिफ्टमध्ये होता, सायंकाळी सहाला बोलू म्हणाला. काका सहाला परत आले आणि झालं काम. आणि पोराला नसतंच जमलं तर सेतू केंद्रावर अंगठा देऊनही होते हेही ताईंनी सांगून ठेवलं होतं.

यात कॉम्प्युटरचं ज्ञान किती होतं? थोडंसंच. बाकी सगळं नेमका प्रश्न विचारणं होतं, म्हणजे जे आपण पुस्तकासाठी रोज करतो. बाई येते, म्हणते ते निळ्या कव्हरचं पुस्तक द्या, आणि आपण दोन प्रश्नांत काढून देतो का नाही? तेच कौशल्य आहे हे. म्हणून जे ग्रंथपाल म्हणतात की मला टेक्नॉलॉजी जमत नाही सर, माझं वय झालं, त्यांना मी सांगतो की तुम्हाला कठीण भाग आधीच येतो, बटणं शिकायला वेळ नाही लागत.

आता मुख्य नियम. माउस वाचकाच्या हातात. मोबाईल वाचकाच्या हातात. आपण बाजूला खुर्ची घ्यायची, समोर नाही, बाजूला, आणि बोटानं दाखवायचं, स्क्रीनला हात न लावता. लय अवघड जाते हे. समोरचा माणूस अक्षर शोधत बसतो, 'क' कुठं आहे, 'क' कुठं आहे, आणि आपला हात शिवशिवते. मागं चार जण उभे असतात. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांची पंचसूत्री आपण सगळ्यांनी पाठ केली, 1931 ची, त्यातलं चौथं सूत्र काय, वाचकाचा वेळ वाचवा. तर एक ग्रंथपाल भाऊ मला म्हणाले, सर मी दोन मिनिटांत करून देतो, त्याचा वेळ वाचला का नाही? मी म्हटलं, आज वाचला, पण तो पुढच्या महिन्यात परत येईल, परत तुम्ही कराल, आणि तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी तो तालुक्याला पन्नास रुपये तिकीट घालवून जाईल, याचा हिशोब कोणत्या सूत्रात बसवता? हां, यालाही अपवाद आहे. फॉर्मची शेवटची तारीख आज आहे, सर्व्हर रडून राह्यलं आहे, तेव्हा तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि भरून द्या. आजीबाईंना दिसतच नसेल तर भरून द्या. अक्कल वापरा, एवढंच.

पण एक गोष्ट कधीच करायची नाही. पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवायचा नाही. मी पाहिलं आहे, रजिस्टरच्या मागच्या पानावर पंचवीस जणांचे पासवर्ड, लोकांनीच सांगितलं म्हणे की मॅडम तुम्हीच ठेवा, आम्ही विसरतो. विश्वास आहे तो, मान्य. पण उद्या कोणाच्या खात्यातून काही गेलं तर पहिलं बोट कोणाकडं जाईल? त्यांना त्यांच्याच कागदावर लिहू द्या आणि घरी न्यायला लावा. दुसरं, संध्याकाळी बंद करताना डाउनलोड फोल्डर उघडून पाहा. आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला, सगळ्या गावाची कुंडली तिथं पडून असते आणि उद्या सकाळी जो पोरगा बसेल त्याला ती दिसते. सगळं डिलीट, मग रिसायकल बिनही रिकामा. ब्राउझर पासवर्ड सेव्ह करू का विचारतो तिथं नाही म्हणायचं, आणि शक्यतो गेस्ट मोडमध्येच बसवायचं. झेरॉक्सच्या कामाला आधार लागत असेल तर मास्क्ड आधार निघतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथं तो चालतो तिथं तोच द्यायला सांगा.

आणि ओटीपी. आपण लोकांना घोकून घोकून सांगतो की ओटीपी कोणाले सांगू नका, आणि आत्ता मीच सांगितलं की पोराकडून फोनवर ओटीपी घ्या. मग माणूस गोंधळणारच. तर फरक असा समजवायचा: फोन तुम्ही लावला का त्यानं लावला? तुम्ही कामाला बसले, तुम्ही आपल्या पोराला फोन लावला, ती गोष्ट वेगळी. अनोळखी माणसाचा फोन आला, घाई करून राह्यला, खातं बंद होईल म्हणते, तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन, उद्या नाही, त्याच तासात, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आधी थांबवता आला तर आला. हा 1930 नंबर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळ लावा, वर्तमानपत्राच्या स्टँडच्या वर, तिथं सगळ्यांची नजर जाते.

पुस्तकांच्या यादीचं थोडं बोलतो, कारण तिथं आपलं स्वतःचं घर नीट नाही. बऱ्याच वाचनालयांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणाकडून तरी यादी टाइप करून घेतली, श्रीलिपी नाही तर कृतिदेवमध्ये. नवीन कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि लोकांना वाटते व्हायरस आला. व्हायरस नाही तो. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं होतं, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, म्हणून कुठंही उघडा, मराठीच दिसते. ती फाईल फेकू नका, कन्व्हर्टर मिळतात, फक्त जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यानं तपासा. आणि सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एवढं ठरवा की लेखकाचं आडनाव आधी का नाव आधी, आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची का नाही. नाहीतर एकच लेखक यादीत चार माणसं होऊन बसतो. ई-ग्रंथालय हे केंद्र सरकारच्या एनआयसीचं आहे, कोहा हे फुकट आणि खुलं आहे, कोणतंही घ्या, पण पाच हजार पुस्तकांच्या आतल्या ड वर्गाला मी तर म्हणतो एक नीट एक्सेल पुरे झाली.

वीज, इन्व्हर्टर, नेट यावर जास्त बोलत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोगता. एवढंच, मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लगही काढा आणि राउटरची वायरही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

मग हे सगळं शिकायचं कधी आणि कुठं? तीन दिवसांच्या कार्यशाळेत माझा फार विश्वास नाही. फोल्डर मिळतो, जेवण चांगलं असते, फोटो निघतो, आणि घरी गेल्यावर आपल्या कॉम्प्युटरवर बटण वेगळ्याच जागी असते. मी म्हणतो, शेजारच्या चार-पाच वाचनालयांनी गट करा. महिन्यातून एक अर्धा दिवस, दर वेळी वेगळ्या गावी, त्या गावच्याच मशीनवर, त्या गावच्याच नेटवर. सगळ्यांनी आपापल्या वह्या आणायच्या, न सुटलेले प्रश्न आधी घ्यायचे. ज्याला जे येते त्यानं ते शिकवायचं, आणि शिकवतानाही नियम तोच, माउस शिकणाऱ्याच्या हातात. अभ्यासिकेतली दोन पोरं धरा सोबत, त्यांना फॉर्म भरता भरता सगळं पाठ झालेलं असते. कर्नाटकात 2019 मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडं दिली आणि तिथल्या ग्रंथपालांवर चांगली मेहनत घेतली गेली, आपल्याकडं सरकार कधी करेल तेव्हा करेल, तोवर पाच गावांचा गट करायला जीआर लागत नाही.

लागतात ते पैसे, आणि तिथं मी गोड बोलणार नाही. 2022 च्या नोव्हेंबरात अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं 30 हजारांचं 48 हजार झालं. त्यातलं अर्धं वेतन, म्हणजे त्या हिशोबानं महिन्याला दोन हजार. अशा पैशांत माणसानं दरवाजा उघडायचा, झाडून घ्यायचं, पेपर लावायचे, आणि वरून गावाची केवायसी करायची. जी ताई हे करून राह्यली आहे ती पगारासाठी नाही करत, हे सचिवांनी आणि अध्यक्षांनी ध्यानात ठेवावं. पगार वाढवणं तुमच्या हातात नाही, पण वेतनेतर खर्चातून तिच्या गटाच्या बैठकीचं एसटीचं भाडं तर देता येईल, महिन्याचा नेटपॅक देता येईल, आणि त्या दिवशी वाचनालय दुसऱ्या कोणाकडं सोपवता येईल. आणि पासवर्ड. तो आजच, मुलाला फोन लावून, कागदावर घ्या आणि ताईंच्या हातात द्या.