जिनिंगच्या फाटकापलीकडचा बाजार

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीनंतर वणी, पांढरकवडा, हिंगणघाट येथे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचा, मालक मूठभर कापूस हाती घेतो आणि त्यातली एक सरकी, म्हणजे कापसाचे बी, दाताखाली धरतो; ती कट्‌कन फुटली तर माल कोरडा. ओलाव्याची ही पारख त्याच्या हातची आहे, भाव मात्र त्याच्या हातचा नाही.

क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, उरलेली बहुतेक सरकी. कापूस रोखीने घ्यायचा, रुईच्या 170 किलोंच्या गाठी बांधायच्या आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत बँकेचे व्याज भरत त्या गोदामात ठेवायच्या, असा हा धंदा आहे. 2022 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुई पौंडाला 150 सेंटच्या वर गेली होती आणि ऑक्टोबरअखेर ती निम्म्यावर आली. उन्हाळ्यात चढ्या दराने माल भरून ठेवणाऱ्या लहान जिनिंगवाल्याची यंत्रे ठीक होती, मजूर कामसू होते, हिशेबही चोख होता. तरीही तो बुडू शकत होता. व्यवसायातला प्रत्येक तोटा मालकाच्या चुकीमुळे होतो, हा समज मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो.

वऱ्हाडाला हे नवे नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले; 1865 मध्ये युद्ध संपले आणि ते दिवसही सरले.

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण 50 टक्के जादा आयातशुल्क लावले. तमिळनाडूतल्या तिरुपूरहून परदेशी जाणाऱ्या कपड्यांची मागणी घटली की सूतगिरणी हात आखडता घेते आणि त्याची झळ आपल्या गाठींना लागते. त्याच सुमारास केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क 19 ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण खरी होती, हे मान्य. पण आपला कापूस घरात येण्याच्या ऐन हंगामात बाहेरच्या मालाला दार उघडले गेले, हे मला योग्य वाटत नाही.

सरकीचेही तसेच. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते. ते महागले की सरकीच्या तेलाला उठाव येतो, उतरले की तोही ओसरतो. खुल्या बाजारातला भाव हमीभावाखाली गेला की कापूस हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राकडे वळतो. मग अनेक जिनिंगवाले स्वतःची खरेदी आवरती घेतात आणि महामंडळाच्याच कापसाची सरकी काढून ठरलेल्या मजुरीवर गाठी बांधून देतात. यंत्र तेच, मजूर तेच. फक्त गाठींवर मालकाचे नाव नसते.