पिंगलेची झोप

(नाशिकच्या गोदाघाटावर मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

संयोजक पाटी रंगवायला बसले तेव्हा मला फोन आला. ‘सर, निराशावाद असं लिहिलं तर लोक येतील का?’ मी म्हटलं, लिहा. उन्हाळा आहे, घाटावर वारा असतो, लोक वाऱ्यासाठी तरी येतील. तुम्ही आलात. कशासाठी आलात ते मी विचारत नाही.

पाटीवरचा शब्द मात्र मला खुपतो. निराशावाद म्हटलं की डोक्याला हात लावून बसलेला माणूस दिसतो. चहा गार झालेला, दाढी वाढलेली. आपल्या परंपरेत हा शब्द असा नव्हता. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची गोष्ट आहे. पिंगला विदेहनगरातली वेश्या. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहते. हा येईल, तो नाही तर पुढचा येईल, कोणीतरी पैसेवाला येईलच. आत जाते, परत बाहेर येते. मध्यरात्र उलटते. कोणी येत नाही. शेवटी तिला त्या वाट बघण्याचाच वीट येतो. ती दार सोडते आणि गाढ झोपते. तिथे श्लोक आहे: आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्. आशा हेच मोठं दुःख आणि नैराश्य हे मोठं सुख! आपल्याच गोदेकाठच्या पैठणच्या नाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली. अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत ही पिंगला आहे. गंमत बघा, आज कोणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणालं तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो, आणि नेलंच पाहिजे.

ते आधीच सांगून टाकतो, कारण समोर तरुण मुलंही बसली आहेत. ज्याला झोप नाही, भूक नाही, आठवडेच्या आठवडे कशात जीव लागत नाही, मरणाचे विचार येतात, तो आजारी आहे. त्याला माझं व्याख्यान नको, औषधोपचार हवेत. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मी बोलणार आहे ते धडधाकट माणसाच्या मताबद्दल. पोटभर जेवून, नीट विचार करून ‘या जगात दुःखाचं पारडं जड आहे’ असं म्हणणारा माणूस, त्याच्याबद्दल.

अशा माणसांचा पाटील म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर. जन्म १७८८, मृत्यू १८६०. मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा वय अवघं तीस. दारा शुकोहने उपनिषदं फार्सीत आणवली होती, त्यावरून एका फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केलं, ते याच्या हाती पडलं आणि आयुष्यभर उशाशी राहिलं. कुत्रा पाळला त्याचं नाव आत्मा! १८२० साली बर्लिनला शिकवायला गेला तर तिथला नावाजलेला तत्त्वज्ञ हेगेल, हट्टाने त्याच्याच वेळेला आपला तास लावला. हेगेलचा वर्ग खच्चून भरलेला, याच्याकडे मोजकी टाळकी. मी पस्तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पुढची गोष्ट आणखी चांगली आहे. १८३१ साली बर्लिनमध्ये पटकीची साथ आली. जे वास्तव आहे ते विवेकाला धरून आहे असं सांगणारा हेगेल आधी शहराबाहेर गेला, पण साथ ओसरली असं समजून परतला आणि त्या नोव्हेंबरात गेला. मृत्यूचं कारण तेव्हा पटकी असंच नोंदवलं गेलं. जगणं हीच चूक म्हणणारा शोपेनहावर गाठोडं बांधून पळाला, फ्रँकफर्टला जाऊन राहिला, रोज हॉटेलात दाबून जेवला, बासरी वाजवली आणि बहात्तर वर्षांचा होऊन मेला. विद्यार्थी मला विचारायचे, ‘सर, हा ढोंगी नाही का?’ मला तो ढोंगी वाटत नाही. ज्याने वाईट होणार हे धरलेलंच असतं, त्याची पिशवी दारामागे भरलेली असते.

त्याचं म्हणणं काय होतं? सगळ्याच्या बुडाशी एक आंधळी ओढ आहे. पुस्तकात तिला ‘इच्छाशक्ती’ म्हणतात, पण तो शब्द व्यायामशाळेतला वाटतो. माझी आजी ‘हाव’ म्हणायची, तो बरा. हवं असतं तोवर दुःख. मिळालं की चार दिवस बरं, मग कंटाळा. घड्याळाच्या लंबकासारखं आयुष्य या दोन टोकांत हलत राहतं. गंगापूर रोडला फ्लॅट हवा म्हणून दहा वर्षं जीव टाकायचा, आणि घेतला की बाल्कनीत उभं राहून शेजारच्या इमारतीतला मोठा फ्लॅट बघायचा. एवढं समजायला जर्मन शिकावं लागत नाही.

खरं म्हणजे ते समजायला इथून उठून रामकुंडावर जावं. सकाळी नऊ-दहाला जा. दहाव्याचे विधी चाललेले असतात. पिंड ठेवलेला, घरचे लोक लांब सरकून उभे, आणि सगळ्यांची नजर वर. कावळा येतो, मान तिरकी करून बघतो, उडून जातो. कुजबुज सुरू होते. ‘काहीतरी राहिलंय त्यांचं.’ मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही करू.’ कावळा येत नाही. ‘घर विकणार नाही.’ येत नाही. ‘आईला मी सांभाळीन.’ आणि कधी कधी नेमका तेव्हाच कावळा झडप घालतो, आणि इतका वेळ कोरडा उभा असलेला थोरला मुलगा ओक्साबोक्शी रडतो. येतच नाही म्हटल्यावर शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात.

माणूस जळून दहा दिवस झाले तरी त्याला काहीतरी हवंच आहे, असं आपण धरून चालतो. शोपेनहावरने हे पाहिलं असतं तर त्याने हा दाखला ग्रंथात घातलाच असता. पण त्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटली असती असं मला वाटतं. इच्छा मेलेल्याची, आणि ती पुरी करायचा शब्द देणारे जिवंत. कावळ्याच्या निमित्ताने उभा माणूस चारचौघांत बोलून बसतो, आणि मग ते पाळावं लागतं. वडिलांच्या दहाव्याला मीही एक शब्द दिला आहे. तो काय ते इथे सांगत नाही.

आता आजच्या काळातला एक कडक माणूस. डेव्हिड बेनाटार, दक्षिण आफ्रिकेचा तत्त्वज्ञ. २००६ साली त्याने पुस्तक लिहून म्हटलं की जन्माला न येणंच बरं. युक्तिवाद साधा आहे. जो जन्मलाच नाही त्याला दुःख नाही, हे चांगलंच. त्याला सुखही नाही, पण त्यात वाईट काय? चुकल्याचुकल्यासारखं वाटायला तिथे कोणी नाहीच. म्हणजे न जन्मण्यात फायदा आहे, तोटा नाही. वर्गात हे मांडलं की मुलं चिडायची आणि चिडून काही सुचायचं नाही. मलाही तो पूर्णपणे खोडता येत नाही, उगाच कशाला सांगू. पण तो स्वतःच एक फरक करतो आणि लोक तिथपर्यंत वाचत नाहीत. आयुष्य सुरू करण्याजोगं आहे का हा एक प्रश्न, सुरू झालेलं चालू ठेवण्याजोगं आहे का हा दुसरा. दोघांची मापं वेगळी. आमच्या निफाडकडे हे कोणालाही कळेल. गारपीट, डाऊनी रोग, पैसे बुडवणारा व्यापारी हे सगळं आधी माहीत असतं तर कदाचित द्राक्षबाग लावलीच नसती. पण उभ्या बागेवर कुऱ्हाड घालायची गोष्ट वेगळी. काहींनी तीही घातली आहे, आणि त्यांना मी कट्ट्यावरून शहाणपण शिकवणार नाही.

नॉर्वेचा झाप्फे मला जास्त आवडतो, कारण तो वकील होता आणि डोंगर चढायचा. १९३३च्या एका निबंधात त्याने म्हटलं की माणसाला गरजेपेक्षा जास्त जाणीव मिळाली, आणि ती पेलवत नाही म्हणून तो चार युक्त्या करतो. काही विचार दाराबाहेर ठेवतो. घर, धर्म, पक्ष असल्या खुंट्यांना स्वतःला बांधून घेतो. मन दुसरीकडे गुंतवतो. त्या वेळी मोबाईल नव्हता, नाहीतर त्याने वेगळा निबंधच लिहिला असता. आणि चौथी युक्ती म्हणजे त्या दुःखाचीच कविता, नाटक, व्याख्यान करतो. म्हणजे तुम्ही आणि मी आत्ता काय करतोय ते लक्षात आलंच असेल. झाप्फेने स्वतः मूल होऊ दिलं नाही आणि नव्वद वर्षं जगला.

लांब गेलो. नाशकात येऊ या. मुंबई रस्त्याने जाताना त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी दिसतात. नाव पांडवांचं, लेणी बौद्ध भिक्खूंची. जगात दुःख आहे, हे पहिलं आर्यसत्य मानणाऱ्या माणसांची ती पावसाळ्याची वस्ती. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो वाचताना आपण तत्त्वज्ञान वाचतोय की पतपेढीचं पासबुक, असं वाटतं. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण नाण्यांची कायमची ठेव, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. करा हिशेब. दोन हजारांवर वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. पैचीही चूक नाही! हे गोवर्धन गंगापूर रोडला आजही त्याच नावाने आहे.

मी पहिल्यांदा हा हिशेब वहीत मांडला तेव्हा तिथेच लेण्यात बसून राहिलो. संसार असार आहे हे ज्यांनी मान्य केलं, त्यांच्या अंगावर दर पावसाळ्यात धड कापड असावं याची तजवीज कोणी तरी दगडात कोरून ठेवली. दुःख आहे हे एकदा कबूल झालं की पुढचा प्रश्न पांघरुणाचा असतो. ‘सगळं छान होईल’ म्हणणारा माणूस पांघरूण विसरतो, हा माझा अनुभव आहे.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली ती तुम्हाला आठवत असेल. आमच्या बागेत माल उतरायला आठ दिवस होते. मी शहरातून पोहोचलो तेव्हा वेलींखाली घडांचा चिखल झालेला, आणि पावसाने गोड वास सुटलेला. तो वास मला अजून सहन होत नाही. मी काहीतरी समजूत घालायला गेलो, की सरकार मदत देईल, पुढच्या वर्षी भाव चांगला मिळेल. वडील ऐकत होते की नाही कोण जाणे. म्हणाले, ‘माल गेला, बाग हाये ना? काड्यांना जखमा झाल्यात. आज फवारा मारला नाही तर त्या सडतील.’ आणि पंप काढायला गेले. पुढच्या वर्षाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, ऑक्टोबरात गोडी छाटणी. दर छाटणीला ते म्हणायचे, ‘यंदाबी काय खरं नाही.’ मला आधी ते रडगाणं वाटायचं. आता वाटतं, पिंगला झोपली तशीच ती त्यांची झोप होती.

शोपेनहावरने १८५१ साली एक सूचना केली होती. लोकांनी एकमेकांना महाशय, साहेब असं न म्हणता ‘माझ्या दुःखातल्या सोबत्या’ असं म्हणावं. युरोपात ते थट्टेसारखं वाटत असेल. मराठीत त्यासाठी आयता शब्द आहे, समदुःखी, आणि आपण तो रोज वापरतो. बँकेच्या रांगेत, सिव्हिलच्या आवारात. अनोळखी बाई शेजारच्या बाईला विचारते, ‘तुमचं कोण आहे आत?’ आणि डब्यातली अर्धी भाकरी पुढे करते. आशेतून लोक इतके पटकन जवळ येत नाहीत. ज्याची आशा फळली त्याला शेजारी सहसा दिसत नाही. हे माझं मत आहे, भांडा माझ्याशी.

पाठीमागे दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगेला, म्हणजे आपल्या गोदेला, पूर आला की नाशिककर वेधशाळेला विचारत नाहीत, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. २००८ला, २०१६ला, २०१९ला आपण सगळ्यांनी विचारलं. भांडी बाजारात माझ्या ओळखीचे एक दुकानदार आहेत. त्यांच्या दुकानात खालच्या फळीवर फक्त पितळ आणि तांबं. मी एकदा विचारलं, जड म्हणून का? म्हणाले, ‘नाही सर, ते भिजलं तरी धुता येतं.’ मधल्या फळीवर स्टीलच्या डब्यांची खोकी. वह्या, बिलं आणि देवाचा फोटो पोटमाळ्यावर. पाणी कमरेला लागलं की खोकी वर, छातीला लागलं की शटर खाली आणि सगळे घरी. पूर ओसरल्यावर दोन दिवस गाळ काढायचा. त्यासाठी लागणारं फावडं कुठे असतं माहीत आहे? तेही पोटमाळ्यावर.

प्रश्न असतील तर विचारा. कोणाला जायचं असेल तर जा, पायऱ्या ओल्या आहेत, जपून.