ओकच्या पिंपात मुरलेली क्वाड्रुपल

[दृश्य: तळघरात आडवी रचलेली लाकडी पिंपं. कॅमेरा एका पिंपाच्या फळ्यांवरून सावकाश सरकतो.]

नेदरलँड्सच्या दक्षिणेला, टिलबर्ग शहराला लागून कोनिंग्सहुवेन नावाचा मठ आहे. बेल्जियमची सरहद्द इथून जवळच. या मठाच्या आवारात 'ला ट्रॅप' बिअर बनते. त्यातली एक बिअर, ओकच्या पिंपात मुरवलेली कडक क्वाड्रुपल, दर खेपेला वेगळी लागते, आणि ती तशी लागावी अशीच बनवणाऱ्यांची इच्छा असते.

युरोपात शेकडो वर्षं बिअर लाकडी पिंपांतच साठवली गेली, पिंपांतूनच गावोगाव गेली. पण लाकडाची चव बिअरला लागू नये म्हणून ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, जिवाचं रान करायचे. बऱ्याच ठिकाणी पिंपाला आतून राळेचा लेप द्यायचे. पुढे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्या, हवी तशी चव वर्षभर सारखी मिळू लागली आणि लाकूड मागे पडलं. आज जे पुन्हा लाकडाकडे वळलेत, ते त्याच नकोशा चवीसाठी.

[दृश्य: मठाचे मनोरे, शेजारची शेतं.]

फ्रान्समध्ये 1880 साली धार्मिक संघांविरुद्ध फर्मानं निघाली. उत्तर फ्रान्समधल्या माँ दे का मठातल्या ट्रॅपिस्ट, म्हणजे एका कडक शिस्तीच्या कॅथलिक संघाच्या, मठवासींना उद्याची शाश्वती राहिली नाही. काही जण आसरा शोधत 1881 मध्ये इथे पोहोचले. एके काळी ही डच राजा दुसऱ्या विल्यमची शेतं होती. मठ म्हणून पहिली वास्तू मिळाली ती मेंढ्यांचा गोठा. जमीन हलकी, तिच्यावर सगळ्यांचं पोट भरणं कठीण. ज्यांचे नियम ते पाळत, त्या संत बेनेडिक्टची शिकवण अशी की, हाताच्या श्रमावर जगेल तोच खरा मठवासी. तेव्हा 1884 मध्ये त्यांनी ब्रुअरी काढली, आणि त्या गोठ्याचंच नाव तिला दिलं.

मठाचा चरितार्थ चालावा एवढ्यासाठी ही ब्रुअरी निघाली, हे ध्यानात ठेवायला हवं. मुरायला टाकलेली बिअर म्हणजे तळघरात अडकून पडलेला पैसा. घाईत असलेल्याला तो परवडत नाही.

आता कडक बिअरकडे येऊ. बेल्जियममध्ये 1919 साली कायदा झाला आणि कॅफेंमधून जिनसारखी कडक दारू देणं बंद झालं. कडक पेयाची ओढ असलेलं गिऱ्हाईक दमदार बिअरकडे वळलं. तिथल्याच वेस्टमाल मठाची ट्रिपल ही कडक बिअर 1934 मध्ये आली, तीही याच काळातली. कोनिंग्सहुवेनने 1991 मध्ये त्यापुढची पायरी गाठली: क्वाड्रुपल. अल्कोहोल 10 टक्के, म्हणजे लागर या नेहमीच्या हलक्या बिअरच्या दुप्पट. रंग गडद तांबूस. चवीला खजूर, मनुका, करपवलेली साखर. फळांचा आणि मसाल्याचा जो दरवळ येतो, तो यीस्टने उबेत आंबवताना तयार केलेला, वरून काही न घालता.

हीच क्वाड्रुपल 2009 पासून ओकच्या पिंपात मुरवली जाते.

[दृश्य: पिंपाच्या फळीचा आतला, भाजलेला भाग अगदी जवळून.]

ही फळी नीट बघा. पिंप घडवताना कारागीर आत जाळ करतो. उष्णतेने फळ्या वाकतात, आणि आतला थर भाजला जातो. भाजताना लाकडातलं लिग्निन फुटतं, त्यातून व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाचा वास ज्याच्यामुळे येतो तेच हे द्रव्य. अमेरिकन ओक असेल तर ओल्या खोबऱ्यासारखा वासही उतरतो. शिवाय यांतल्या पुष्कळशा पिंपांत आधी पोर्ट वाइन, पांढरी वाइन किंवा व्हिस्की राहून गेलेली असते. ती फळीत मुरलेली असते, आणि बिअर ती हळूहळू ओढून घेते. लोणच्याच्या जुन्या बरणीला वास धरतो, तसंच हे.

इथे क्वाड्रुपलचा कडकपणा कामाला येतो. अल्कोहोल जास्त, म्हणून लाकडातली द्रव्यं चांगली विरघळतात. बिअर अंगाने भरदार, म्हणून लाकडाखाली दबून जात नाही. पातळ, हलकी बिअर या पिंपात घातली तर नुसतं लाकूडच लागेल.

आणि पिंप श्वास घेतं. फळ्यांमधून अगदी थोडा प्राणवायू आत झिरपतो, त्याने चवीची धार बोथट होते, चव गोल होते. हवा प्रमाणाबाहेर गेली तर मात्र जिवाणू अल्कोहोलचा शिरका करून टाकतात. म्हणून महिनोन्महिने चाखत राहावं लागतं. शेजारशेजारची दोन पिंपं एकाच दिवशी भरली तरी सारखी निघत नाहीत. एकात व्हॅनिला पुढे, दुसऱ्यात तुरटपणा. मग कोणत्या पिंपातलं किती घ्यायचं हे जीभ ठरवते. माझ्या मते या बिअरची खरी कलाकुसर मिश्रणाच्या या टेबलावर आहे. बिअर आंबवायचं शास्त्र पुस्तकातून शिकता येतं, हे मात्र पिंपांच्या सहवासातच येतं.

[दृश्य: बुचाची छोटी बाटली, लेबलवरचा क्रमांक.]

मठाला एकदा मोठी किंमतही मोजावी लागली. 1999 मध्ये बाव्हारिया या मोठ्या डच कंपनीशी ब्रुअरी चालवण्याचा करार झाला, आणि अस्सल ट्रॅपिस्ट असल्याची षटकोनी मोहोर बाटलीवरून गेली. बिअर मठाच्या भिंतींच्या आत, मठवासींच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि मिळकत मठासाठी व समाजकार्यासाठी गेली पाहिजे, असा तिचा दंडक. मठवासींचा कारभारातला वाटा वाढला, आणि 2005 मध्ये मोहोर परत मिळाली. दंडकाचा तो हट्ट रास्तच होता.

बाटली 375 मिलिलिटरची, तिच्यावर खेपेचा क्रमांक. त्या खेपेला कोणती पिंपं वापरली हे त्यावरून शोधता येतं. दोन वेगळ्या क्रमांकांच्या बाटल्या मिळाल्या, तर फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. 12 ते 14 अंशांवर वास मोकळा होतो. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो न ढवळता रुंद तोंडाच्या ग्लासांत थोडी थोडी ओता, आणि आधी दोन्हींचा नुसता वास घ्या.