ठिणगीविना सांधा

पडद्यावर एकावर एक ठेवलेले दोन पत्रे दिसत आहेत. वरचा पत्रा १.२ मिलिमीटर जाडीच्या, उच्च ताणशक्तीच्या पोलादाचा आहे. त्याच्या एका चौरस मिलिमीटरला तोडण्यासाठी सुमारे ६० किलोंचा भार लागतो. खालचा पत्रा २ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा आहे. दोन्हींत कोठेही भोक पाडलेले नाही. मजबूत चौकटीच्या वरच्या जबड्यात पंच म्हणजे दाब देणारा दांडा आणि खालच्या जबड्यात डाय म्हणजे आकार देणारा साचा बसवलेला असून, पंचाच्या टोकाशी येऊन थांबलेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा म्हणजे स्वतःच पत्रा भेदून स्वतःच त्यात अडकणारा रिव्हेट होय.

त्याचे डोके भरीव आहे, पाय मात्र नळीसारखा पोकळ आहे. तो बोरॉनयुक्त पोलादाचा असून उष्णता देऊन कठीण केलेला आहे, कारण ज्या पोलादातून त्याला वाट काढायची आहे, त्याच्यापुढे तो स्वतः वाकून चालणार नाही. पंच खाली येतो, कित्येक टनांचा दाब पडतो, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपते. ठिणगी नाही, धूर नाही. सांधा म्हटले की ठिणग्या डोळ्यांसमोर येणाऱ्यांना ही शांतता थोडी अविश्वसनीय वाटेल.

पत्र्यांच्या आत काय घडते ते कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पंच निरनिराळ्या खोलीवर थांबवून वेगवेगळे नमुने तयार केले, ते मधोमध कापले, आणि कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर आरशासारखी घासून घेतली. पहिल्या नमुन्यात रिव्हेटची कड पोलादात जेमतेम रुतली आहे. दुसऱ्यात पोलादाची गोल चकती कापली जाऊन रिव्हेटच्या पोकळीत शिरली आहे. ती तिथेच राहते, बाहेर कचरा पडत नाही. तिसऱ्यात पाय ॲल्युमिनियममध्ये उतरले आहेत, आणि डायच्या तळाशी असलेल्या उंचवट्यामुळे ते बाहेरच्या बाजूला फाकू लागले आहेत. शेवटच्या नमुन्यात हे पाय उमललेल्या घंटेसारखे पसरून खालच्या पत्र्यात घट्ट अडकले आहेत, तरीही त्या पत्र्याचा तळ अखंड आहे. पाय बाजूला किती सरकले हे अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ते मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते, पण सांध्याची सारी ताकद त्यावर तोललेली असते.

कठीण पत्रा वर आणि मऊ, जाड पत्रा खाली ही मांडणी मुद्दाम केलेली आहे. पाय पसरण्यासाठी खालच्या धातूला ताणले जाऊन वाहावे लागते, आणि ते ॲल्युमिनियमला जमते.

मग वेल्डिंग का नाही? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, पोलादाला सुमारे १,५०० अंश लागतात. पण अडचण केवळ तापमानाची नाही. दोन्ही धातू वितळून मिसळले की लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे तयार होतात, आणि ती काचेसारखी ठिसूळ असतात. शिवाय पोलादाला ही ताकद त्याच्या अंतर्गत रचनेतून मिळालेली असते, आणि उष्णतेने तीच रचना बिघडते. ज्या ताकदीसाठी जास्त पैसे मोजले, ती सांध्यापाशीच घालवायची, हा व्यवहार आम्हाला पटत नाही.

२००३ साली आलेल्या जग्वार एक्सजेच्या ॲल्युमिनियम बांधणीत असे ३,००० हून अधिक रिव्हेट आणि सोबत चिकटद्रव्य वापरले होते. हीच कंपनी पुढे २००८ मध्ये टाटा मोटर्सकडे आली. त्याच २००३ सालच्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये पुढचा भाग ॲल्युमिनियमचा ठेवून तो पोलादी सांगाड्याला रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडला होता. हे चिकटद्रव्य इथे पत्र्याच्या कडेला सुतासारखे पसरताना दिसते. दोन धातूंमध्ये पाणी शिरले तर ॲल्युमिनियम गंजते, म्हणून दोघांमध्ये हा थर लागतो. अपघातानंतर अशा गाडीची दुरुस्ती सर्वसाधारण गॅरेजला सोपी जात नाही, आणि गाडी मोडीत निघाल्यावर दोन धातू वेगळे करणेही कष्टाचे असते.

१,५०० मेगापास्कलच्या, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे १५० किलोंचा भार पेलणाऱ्या पोलादापुढे मात्र रिव्हेटचेच पाय मुडपतात. तिथे वेगळ्या पद्धती लागतात.

शेवटी ताणयंत्र. सांध्याची दोन्ही टोके दोन जबड्यांत पकडली आहेत, आणि यंत्र त्यांना सावकाश विरुद्ध दिशांना ओढते आहे. पडद्यावरची रेषा चढते, थबकते, आणि मग घसरते. जबड्यांतून काढलेल्या तुकड्यांपैकी पोलादाच्या पत्र्यात रिव्हेट अजून घट्ट बसलेला आहे, आणि त्याच्या पसरलेल्या पायांभोवती ॲल्युमिनियमचा फाटका काठ लटकतो आहे.