पायाखाली बर्फ, वर गाणं

मंडळी, नमस्कार. कॅनडातल्या आपल्या या लंडनमध्ये शिकायला आलेली मुलं पहिल्या हिवाळ्यात मला हमखास विचारतात, ‘काका, पाचला अंधार पडतो, मग इथे माणसं जातात कुठे?’ मी त्यांना डंडस आणि टॅल्बट रस्त्यांच्या कोपऱ्यावर नेतो. तिथलं अरीना, म्हणजे खेळ आणि गाण्यांसाठीचं मोठं बंदिस्त सभागृह, 2002 मध्ये जॉन लबॅट सेंटर म्हणून उघडलं, 2012 मध्ये बडवायझर गार्डन्स झालं, 2024 मध्ये कॅनडा लाइफ प्लेस. कोपऱ्यावरची विटांची दर्शनी भिंत जुनी दिसते. याच जागी एकोणिसाव्या शतकात टॅल्बट इन नावाची खानावळ होती, तिची ती प्रतिकृती.

त्याआधी लंडन नाइट्स हा आपला बर्फावरच्या हॉकीचा संघ शहराच्या दक्षिण टोकाला, हायवेजवळच्या लंडन गार्डन्समध्ये खेळायचा. तीही जागा साधी नव्हे. 22 फेब्रुवारी 1968 ला अमेरिकन गायक जॉनी कॅश यांनी तिथेच, भर कार्यक्रमात, गायिका जून कार्टरना लग्नाची मागणी घातली होती. पण तिथे जायचं म्हणजे गाडीनं जायचं आणि गाडीनंच घरी यायचं, गावाशी संबंधच येत नसे. आणि इकडे गावाचा मध्य ओस पडत होता. गॅलेरिया मॉलमधली मोठी दुकानं बंद झाली. अशा वेळी सुमारे 9,000 प्रेक्षकांचं अरीना पुन्हा हायवेवर न नेता कोव्हेंट गार्डन मार्केटसमोर आणलं. त्याच वर्षी, 2002 मध्ये, मध्यवर्ती ग्रंथालयही गॅलेरियात आलं. मॅचच्या रात्री हिरवे-सोनेरी स्वेटर घातलेली कुटुंबं डंडसवरून चालत येताना दिसतात, तेव्हा तो निर्णय किती योग्य होता हे मला दर वेळी नव्यानं पटतं.

आता बर्फाकडे येऊ, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, 200 फूट लांब, 85 फूट रुंद. काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांतून शून्याच्या खाली गार केलेलं द्रावण फिरत राहतं. त्यावर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवतात, मध्येच पांढरा रंग, लाल-निळ्या रेघा, मग पुन्हा पाणी. एवढं करून जाडी भरते इंच-सव्वा इंच! प्रत्येक वीस मिनिटांच्या खेळानंतर झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरते, स्केट्सनी खरवडलेला पापुद्रा तासते आणि मागे पाणी सोडते. ते पाणी गरम असतं. गार पाणी नुसतं वर बसलं असतं, गरम पाणी खालचा बर्फ किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतं. गाडीमागे वाफेचा पट्टा उठतो आणि तो विरेपर्यंत बर्फाला आरशासारखी झळाळी आलेली असते.

दुसऱ्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम असला तरी हा बर्फ काढत नाहीत. त्यावर थंडी अडवणाऱ्या फळ्या जोडून पसरतात, वर खुर्च्या आणि रंगमंच. एकदा मी खालच्या रांगेत होतो. वर दिव्यांचा झगझगाट, शेजारचे लोक घामेजलेले, आणि माझ्या बुटांच्या तळव्यांतून गारवा हळूहळू वर चढत होता. कार्यक्रम संपताच कामगारांनी फळ्या उचलायला सुरुवात केली आणि पहिल्या फटीतून निळी रेघ दिसली. अजून डोळ्यांसमोर आहे ती.

नाइट्सचे खेळाडू मात्र अगदी कोवळे, 16 ते 20 वर्षांचे. बाहेरगावची मुलं इथल्या कुटुंबांत राहतात, त्यांच्याच टेबलावर जेवतात. 2005 मध्ये याच बर्फावर नाइट्सनी क्वेबेकमधल्या रिमुस्की गावच्या संघाला 4-0 नमवून कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचा सर्वांत मोठा मान, मेमोरियल कप, जिंकला, समोर पुढे हॉकीतला मोठा तारा झालेला, तेव्हा सतरा वर्षांचा सिडनी क्रॉस्बी होता. वीस वर्षांनी, 2025 मध्ये, तोच कप त्यांनी रिमुस्कीत जाऊन आणला.

येत्या शुक्रवारी घरची मॅच आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या. आणि मोजे जाड घाला.