चरबीची ऊब आणि डीएनएची घडी

नमस्कार, श्रोतेहो. निफाडकडे पारा उतरला की बागायतदार रात्र जागून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. मोठ्यांना हुडहुडी भरते. तान्हं बाळ मात्र सहसा कुडकुडत नाही. त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तपकिरी चरबी असते. तिच्यातलं यूसीपी-१ नावाचं प्रथिन अन्नातल्या ऊर्जेची थेट उष्णता करतं.

या प्रथिनाचं जनुक माशांमध्येही आहे. ओपोसम या पिशवीवाल्या प्राण्याच्या चरबीतही ते प्रथिन बनतं, पण त्याने ऊब मिळत नाही, असं २०२४ साली दिसून आलं. ऊब मिळाली ती वारेतून गर्भ पोसणाऱ्या सस्तन प्राण्यांना. त्यातही डुकरांनी सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हे जनुक गमावलं. म्हणून त्यांची पिल्लं थंडीत थरथरतात, आणि विण्याआधी डुकरीण गवतकाडी गोळा करून घरटं करते.

म्हणजे जनुक असलं तरी ते कुठे, केव्हा आणि किती चालायचं हे ठरावं लागतं. ते ठरवणारे स्विच डीएनएमध्येच असतात, कधी कधी जनुकापासून फार दूर. एका पेशीतला डीएनए सुमारे दोन मीटर लांब, आणि तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात! येवल्याची पैठणी घडी केली की पदराची बुट्टी दूरच्या काठाला टेकते. तसाच घडीत लांबचा स्विच जनुकापाशी येतो.

लठ्ठपणाशी जोडलेले डीएनएतले फरक २००७ साली एफटीओ या जनुकात सापडले. साहजिकच दोष त्याच्यावर आला. पण २०१४ साली कळलं, की तिथला स्विच डीएनएची पाच लाख अक्षरं, म्हणजे त्याच्या साखळीतले ए, टी, जी, सी हे दुवे, ओलांडून आयआरएक्स-३ या जनुकाला भिडतो. आणि ही भेट झेब्राफिश, उंदीर, माणूस अशा तिघांतही होते! म्हणजे घडी सस्तन प्राण्यांहून जुनी. आपल्या चरबीच्या पेशींनी ती वापरात घेतली. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते.

पुढच्याच वर्षी नेमकं अक्षर हाती लागलं. तिथे ‘टी’च्या जागी ‘सी’ असेल तर जनुकाला आवरणारं प्रथिन नीट चिकटत नाही, आयआरएक्स-३ आणि आयआरएक्स-५ वाढतात, आणि कोवळ्या पेशी चरबी जाळण्याऐवजी साठवू लागतात. संशोधकांनी माणसाच्या चरबीपेशींत क्रिस्पर या डीएनए कापून बदलण्याच्या तंत्राने तेवढं एक अक्षर दुरुस्त केलं, तेव्हा त्या पेशी पुन्हा उष्णता निर्माण करू लागल्या.